म्हैसूरच्या वाटेवरचे बिननावी खुनी

१८१६ साली मद्रासच्या एका वाङ्मयविषयक पत्रात रिचर्ड शेरवूड या डॉक्टरचा लेख आला. शेरवूड कंपनीच्या चाकरीत, फोर्ट सेंट जॉर्जला होता, आणि त्याचा विषय होता फासेगार, म्हणजे वाटसरूंशी सलगी करून त्यांच्या गळ्याभोवती कापड आवळणारे आणि प्रेत पुरून माल घेऊन पसार होणारे लोक. चार वर्षांनी हाच लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तेराव्या खंडात पुन्हा छापला गेला आणि पुढे ठगांवर जे जे लिहिले गेले त्याच्या पायाशी जाऊन बसला. त्यात म्हैसूरबद्दल एक विधान आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर बेंगळुरूच्या आसपास सुमारे शंभर फासेगार पकडले गेले आणि तेव्हा पहिल्यांदा युरोपियनांचे लक्ष या लोकांकडे गेले, असे शेरवूड सांगतो. लगेच पुढे तो म्हणतो की त्या वेळी कुणाला त्यात फारसे विशेष वाटले नाही. हा वंशपरंपरेने खून करणारा वेगळा वर्ग असावा अशी शंकाही कुणाला आली नाही. ही दोन विधाने एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. पकडले तेव्हा ते फासेगार आहेत असे कुणाला वाटले नव्हते. मग ते फासेगार ठरले कधी? सतरा वर्षांनी, मद्रासमधल्या एका टेबलावर. त्या उल्लेखात शंभरांपैकी एकाचेही नाव नाही, त्यांनी कुणाला मारले ते नाही, शिक्षा काय झाली तेही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अनोळखी खुन्यांचा इतिहास लिहिणारे लंडनपासून सुरुवात करतात. मला तो म्हैसूरपासून सुरू करावासा वाटतो, कारण खुनी अनोळखी राहतो तो दर वेळी हुशार असतो म्हणून नव्हे. पुष्कळदा त्याला ओळखण्याची गरजच कुणाला उरलेली नसते, आणि ती गरज कशी संपवली गेली याचा माग म्हैसूरच्या या शंभर जणांपासून लावता येतो.

१७९९ चे म्हैसूर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. ४ मे रोजी टिपू पडला. ३० जूनला पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांना गादीवर बसवले गेले, राजधानी श्रीरंगपट्टणाहून म्हैसूरला आली आणि कारभार पूर्णय्याच्या हाती राहिला. हा पूर्णय्या कालपर्यंत टिपूचाच कारभारी होता. जातीने देशस्थ माध्व ब्राह्मण. त्याच्या कचेऱ्यांत कानडीच्या जोडीला मराठीतही हिशेब लिहिले जात. कागदावरचा कारभार असा फारसा खंड न पडता चालू राहिला, रस्त्यावर मात्र सगळे उसवले होते. टिपूची फौज मोडली होती आणि ज्यांना तलवारीखेरीज दुसरे काही येत नव्हते असे हजारो लोक घरी तरी जात होते, नाहीतर कुठेच जात नव्हते. धोंडजी वाघ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. मूळचा चन्नगिरीचा हा मराठा टिपूच्या कैदेत होता. किल्ला पडताच सुटला, बिदनूरकडे गेला, बेकार घोडेस्वार गोळा केले आणि स्वतःला ‘उभयलोकाधीश्वर’ म्हणवू लागला. आर्थर वेलस्लीला वर्षभर त्याच्या पाठीवर राहावे लागले. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगलला तो मारला गेला, त्याचे प्रेत ओळखले गेले आणि तोफेच्या गाड्यावर बांधून छावणीत आणले गेले. धोंडजीला नाव होते, बिरुद होते, त्याच्या पोराची काळजी पुढे खुद्द वेलस्लीने घेतली. त्याच मोसमात, त्याच मुलखात पकडलेले ते शंभर जण मात्र नुसता आकडा होऊन राहिले. त्यांत खरे गळाआवळे किती, भुरटे चोर किती आणि पगार बुडालेले शिपाई किती, हे वेगळे काढायला कुणी बसले नाही. फौज मोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रस्त्यावर धरलेल्या शंभर माणसांची जातकुळी एकच असेल, हे मानायला मन धजत नाही.

शेरवूडने खुनाची रीत बारकाईने लिहिली आहे आणि ती खोटी मानायचे कारण नाही. टोळी एकत्र दिसायची नाही. दोन-दोन, तीन-तीन जण जणू एकमेकांना न ओळखणारे असल्यासारखे चालायचे. छत्रात किंवा तळ्याकाठी वाटसरू भेटला की गोड बोलून त्याच्या सोबतीला लागायचे, कधी कधी दिवसचे दिवस. चोरांची भीती आहे, एकत्र जाऊ, असे सांगायचे. जागा आधी हेरलेली असायची, बहुधा कोरड्या ओढ्याचे वाळूचे पात्र, कारण तिथे खड्डा झटपट खणता येतो. एकाने गळ्याभोवती कापड टाकायचे, दुसऱ्याने हात धरायचे, तिसऱ्याने पाय ओढायचे. प्रेतावर जागोजाग चिरा द्यायच्या, म्हणजे ते फुगून वरची माती भेगाळत नाही आणि कोल्हे उकरत नाहीत. मग खड्ड्यावर चूल पेटवायची. उकरलेली ताजी माती राखेखाली झाकली जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुणी मुक्काम केला होता एवढेच दिसते. या सगळ्यात शस्त्रापेक्षा जास्त काम करते ती वाटसरूची परिस्थिती. माणूस गावातून निघाला की तो पोचला की नाही हे कळायला महिने लागत. काशीयात्रेला गेलेल्याची तर वर्षभर वाट पाहायची रीतच होती. वाटेत पटकी, वाघ, पूर, ताप असे मरणाचे शंभर मार्ग होते, आणि घरच्यांना त्यांतला कोणताही खरा वाटे. प्रेत नाही, साक्षीदार नाही, आणि खून झाला आहे असे म्हणणारा फिर्यादीसुद्धा नाही. फासेगार युरोपियनांच्या वाटेला जात नसत असे शेरवूड लिहितो, आणि त्याचे कारण उघड आहे: गोरा साहेब नाहीसा झाला असता तर चार दिवसांत पलटण निघाली असती. कुणाची विचारपूस होईल आणि कुणाची होणार नाही याचा हिशेब मारणाऱ्याने सरकारपेक्षा आधी मांडला होता. मुंबईत १९६० च्या दशकात रामन राघवच्या हातून जे मेले तेही फुटपाथवर आणि झोपड्यांत निजणारेच होते.

ज्यांना फासेगारांची ही रीत माहीत होती त्यांना ती बरेच आधीपासून माहीत होती. कानडी मुलखात ‘तंती कळ्ळरु’ असे या लोकांना म्हणत, तेलुगू आणि तमिळमध्येही त्यांना नावे होती. नावे होती म्हणजे गावकऱ्यांना धास्ती होती आणि पाळेगारांना बहुधा त्यांच्या कमाईतला वाटाही मिळत होता. म्हैसूर आणि अर्काटच्या नबाबाचे तेव्हाचे कर्नाटक यांच्या सीमेवरची पाळेगारांची छोटी छोटी ठाणी त्यांना सोयीची होती. एका हद्दीत खून, दुसऱ्या हद्दीत घर. हैदर अलीने त्यांच्यातल्या काहींना खटल्याबिटल्याच्या भानगडीत न पडता मारून टाकले. टिपूने काहींना सक्तमजुरीला लावले, काहींचे अवयव तोडले. पूर्णय्याच्या दिवाणगिरीत वाटमारी फार वाढल्यावर तिला देहांताची शिक्षा ठेवली गेली आणि काही फासेगार फासावर गेले. ही माहितीही शेरवूडचीच. या तिन्ही कारभाऱ्यांना दयाळू म्हणण्याची सोय नाही, पण त्यांच्या शिक्षेत एक गोष्ट समान आहे: वाटमारी केली म्हणून शिक्षा. बाप फासेगार होता म्हणून मुलालाही, किंवा टोळीत वावरला एवढ्यावरून शिक्षा, असा विचार त्यात दिसत नाही. त्यातही पूर्णय्याने आणखी एक गोष्ट केली. ‘कंदाचार’ नावाची जुनी शिबंदी त्याने मोडली नाही. वीस हजारांच्या घरात प्यादे ठेवले, त्यांना थोडा पगार आणि थोडी जमीन दिली आणि गावच्या राखणीचे काम त्यांच्याकडे सोपवले. यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त होता. रिकाम्या हाताचा शिपाई उद्या कोणत्या वाटेवर भेटेल हे टिपूच्या माजी कारभाऱ्याला कुणी शिकवायला नको होते. श्रीरंगपट्टणाला कावेरीवरचा वेलस्ली पूल त्याने १८०४ मध्ये बांधून घेतला तोही याच काळात. फाशीचा दोर, प्याद्याचा पगार आणि वाहता रस्ता एवढ्या सामग्रीवर म्हैसूरने आपला प्रश्न हाताळला. त्यासाठी नवी जमात शोधून काढावी लागली नाही.

कंपनीच्या मुलखात गाडी वेगळ्या रुळावर गेली. १८०७ साली चित्तूर आणि अर्काट यांच्या दरम्यान एक टोळी सापडली. त्रावणकोरच्या मोहिमेवरून ती लुटीसह परतत होती. चित्तूरचा मॅजिस्ट्रेट राइट याने त्यांच्याकडून पुष्कळ काही वदवून घेतले, आणि शेरवूडचा लेख उभा आहे तो मुख्यतः त्या जबान्यांवर. उत्तरेत १८१० च्या सुमारास इटाव्याला तेच घडले; तिकडे या लोकांना ठग म्हणत. तिथे सरकार खडबडून जागे झाले त्यामागे शिपायांची काळजी होती. रजेवर गावी जाणारे बंगाल फौजेचे शिपाई वाटेतच नाहीसे होत होते. जनरल सेंट लेजरने हुकूम काढून त्यांना बजावले की वाटेत अनोळखी लोकांच्या सोबतीने जाऊ नका आणि शिल्लक पगार रोख बरोबर नेण्यापेक्षा हुंडीने न्या. यात्रेकरू हजारांनी नाहीसे झाले असतील, पण सरकारी दप्तरात खुनाला जागा मिळाली ती पलटणीच्या हजेरीपटावरचे नाव गळल्यावर. त्यानंतर विल्यम स्लीमन हा कंपनीचा अधिकारी आला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया हा ठगांचा म्होरक्या सापडला, माफीचे साक्षीदार एकापाठोपाठ एक बोलू लागले, वंशावळ्या तयार झाल्या, बोलीचा कोश झाला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने मग खरी उडी घेतली. कुणी ठगांच्या टोळीत कधीही, कायदा होण्याआधी वा नंतर, कंपनीच्या हद्दीत वा हद्दीबाहेर, सामील होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप आणि सक्तमजुरी. विशिष्ट खून सिद्ध करायची गरज नाही. पुढच्याच वर्षी शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्षही ग्राह्य ठरवली गेली. ‘हद्दीबाहेर’ हा शब्द म्हैसूरसारख्या मुलखासाठीच होता. १८३१ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकने राजाच्या हातून कारभार काढून घेतला होता, तरी म्हैसूर कागदोपत्री कंपनीचे नव्हते. आता ते असले काय नि नसले काय, फरक पडणार नव्हता. १८२६ ते १८३५ या काळात सुमारे चौदाशे लोकांना फाशी, काळे पाणी किंवा जन्मठेप झाली. मला या आकड्यापेक्षा त्यामागची रीत जास्त बोलकी वाटते. अमक्याने तमक्याला मारले का, या प्रश्नाची जागा हा त्यांच्यातला आहे का, या प्रश्नाने घेतली. पहिल्या प्रश्नाला प्रेत लागते, जागा लागते, तारीख लागते. दुसऱ्याला दोन-तीन माफीचे साक्षीदार पुरतात, आणि त्या साक्षीदारांचा जीव आपण किती नावे सांगतो यावर टांगलेला असतो.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे. चित्तूरचे फासेगार आणि नर्मदेकाठचे ठग एकमेकांपासून शेकडो कोस दूर होते, तरी रीत तीच, खाणाखुणा मिळत्याजुळत्या, देवीची भक्ती तीच. मग ही एक बिरादरी नव्हे तर काय? रीतीचे उत्तर रस्त्यात आहे. शस्त्र बाळगले तर नाक्यावर झडती होते, धोतर किंवा रुमाल सगळ्यांकडे असतो. रक्त सांडले तर माग लागतो, गळा आवळला तर नाही. एकच अडचण आणि एकच सावज असले की उपायही एकसारखे निघतात. त्यासाठी गुप्त पंथाची दीक्षा घ्यावी लागत नाही. शिवाय टोळ्या लांब लांब फिरत, एकमेकींना भेटत आणि माणसेही घेत-देत, त्यामुळे शब्द आणि युक्त्या पसरणे साहजिक होते. राहिली देवी. या मुद्द्यावर तर मराठी आणि म्हैसूरच्या वाचकाला हसू आवरणे कठीण जाईल. भवानीला कौल लावणे हा खुनी धर्माचा पुरावा मानला तर साताऱ्याच्या छत्रपतींपासून तुळजापूरच्या पोत घेऊन फिरणाऱ्या गोंधळ्यापर्यंत सगळे संशयित ठरतात, आणि चामुंडीच्या डोंगरावरची देवी ज्यांची कुलस्वामिनी ते वडियार तर आधी. प्रवासाला निघताना, पेरणीला, लढाईला जो तो आपल्या देवीची परवानगी घेई, चोरानेही घेतली. ठगांत मुसलमान पुष्कळ होते आणि तेही भवानीला मानत, याचे साहेबांना नवल वाटले. आपल्याकडे पीर आणि देवी एकाच गावाच्या एकाच जत्रेत भेटतात हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यात नवल करण्यासारखे काही सापडणार नाही. मेडोज टेलरने एके काळी तुळजापुरात मुक्काम ठेवून निजामाच्या त्या भागातले पोलीसकाम पाहिले होते. आपल्याच हद्दीत ठगांनी माणसे पुरली होती हे त्याला नंतर कळले आणि ते त्याला लागले. १८३९ मध्ये त्याने कादंबरी लिहिली तेव्हा तिचा अमीर अली हा नायक रक्तामांसाचा, गप्पिष्ट, स्वतःच्या कर्तबगारीवर खूश असलेला माणूस होता. कोवळ्या वयाच्या राणी व्हिक्टोरियाने ती छापून पुरी होण्याआधीच तिची पाने मागवून घेतली होती. कायद्याने ज्यांचे व्यक्तित्व पुसले त्यांना कादंबरीने चेहरा दिला, हे विचित्र आहे खरे. पण तो चेहराही एकाचाच.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि अलीकडच्या काही अभ्यासकांच्या लिखाणातून तो वाचकाच्या मनात घर करून बसला आहे: ठग ही इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी रचलेली कहाणी होती. हेही मला पटत नाही. सलोदाच्या आमराईत स्लीमनचा तंबू ठोकलेला असताना फिरंगियाने तिथल्या तिथे जागा दाखवल्या आणि प्रेते खणून काढली गेली. स्लीमनच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली-आग्रा वाटेवरच्या गळा आवळणाऱ्यांबद्दल लिहिले आहे. फ्रायरने सुरतेजवळ अशा एका टोळीला झालेली शिक्षा नोंदवली आहे. त्याच्याही आधी झियाउद्दीन बरनीने जलालुद्दीन खिलजीच्या काळातल्या ठगांची हकीकत सांगितली आहे. मेलेली माणसे खरी होती आणि त्यांना मारणारेही. म्हणून तर त्यांना एकेकटे ओळखणे महत्त्वाचे होते. कहाणी खोटी म्हणणारा आणि सगळी जमात खुनी म्हणणारा, दोघेही प्रत्येक खड्ड्याशी कोणता हात होता हा कंटाळवाणा प्रश्न टाळून पुढे जातात. बहराम या ठगाचेच उदाहरण घ्या. जगातला सर्वांत मोठा खुनी म्हणून त्याचे नाव अजून घेतले जाते आणि आकडा सांगितला जातो ९३१. प्रत्यक्षात तो आकडा ज्या खुनांच्या वेळी तो टोळीत हजर होता त्यांचा आहे. स्वतःच्या हाताने आपण सव्वाशेच्या आसपास माणसे मारली असावीत असे त्याने सांगितल्याची नोंद कॅप्टन पॅटनच्या कागदांत आहे. सव्वाशे हाही काही लहान आकडा नव्हे. पण हजेरी आणि हात यांतला भेद मिटवला की माणूस विक्रमवीर होतो आणि उरलेल्या खुनांचे खरे कर्ते कायमचे अनोळखी राहतात.

आता लंडन. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात व्हाइटचॅपलमध्ये पाच बायका मारल्या गेल्या: मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. मारेकरी सापडला नाही. ज्या नावाने जग त्याला ओळखते ते ‘जॅक द रिपर’ हे नाव २५ सप्टेंबरची तारीख असलेल्या आणि एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखालच्या सहीतून आले. ते पत्र कुणा बातमीदाराचाच उद्योग असावा असे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे नंतरचे मत होते. म्हणजे इथेही नाव आधी आणि माणूस नाहीच. तुलना ओढूनताणून आणली आहे, ठग पैशासाठी मारत आणि हा विकृतीपोटी, असे कुणी म्हणेल. तो का मारत होता हा माझा प्रश्न नाही. अनोळखी खुन्याचे सरकारने काय केले, एवढाच आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे गुल्स्टन स्ट्रीटच्या एका दारात, एडोजच्या रक्ताने माखलेल्या एप्रनच्या तुकड्याच्या वर, भिंतीवर खडूने लिहिलेली ओळ सापडली. तिचा रोख ज्यूंकडे होता. पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरेन उजाडायच्या आत स्वतः तिथे आला आणि फोटो निघण्याची वाट न पाहता ती ओळ त्याने पुसायला लावली. वस्तीत आधीच ‘लेदर एप्रन’च्या नावाने एका ज्यू मोच्याच्या मागे जमाव लागला होता. खुन्याचा संभाव्य पुरावा गेला तरी चालेल, पण एका जमातीवर आळ यायला नको, असा तो निर्णय होता. त्यासाठी वॉरेनवर टीकेची झोड उठली आणि नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला. न्यायबुद्धीपेक्षा दंग्याच्या भीतीने त्याने हे केले हे मान्य. तरी हद्दीचा फरक नजरेआड करता येत नाही. लंडनमध्ये संशयिताला कोर्टात उभे करायला त्या रात्रीचा, त्या गल्लीचा पुरावा लागत होता. तो मिळाला नाही म्हणून कुणाला शिक्षा झाली नाही. पार्लमेंटने व्हाइटचॅपलमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला जन्मठेप देणारा कायदा केला नाही. वॉरेनच्या जागी आलेला जेम्स मन्रो हा तर बंगालचा माजी पोलीस महानिरीक्षक. १८९४ मध्ये तीन संशयितांची नावे टिपणात लिहून ठेवणारा मेल्व्हिल मॅकनॉटन बंगालमध्ये बापाच्या इस्टेटी सांभाळून विलायतेला परतला होता. हिंदुस्थानातली हत्यारे या दोघांना ऐकून-पाहून ठाऊक होती, लंडनमध्ये ती उपसायची मुभा नव्हती. या फरकाला काही लोक इंग्रजी न्यायाची थोरवी म्हणतात. माझ्या मते ज्याच्या शेजाऱ्याला मत होते आणि वर्तमानपत्र होते त्याच्यासाठी एक कायदा आणि ज्याला दोन्ही नव्हते त्याच्यासाठी दुसरा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वैयक्तिक ओळख पटवायची इच्छाच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. ती इच्छा वेगळ्या वाटांनी डोके वर काढत राहिली. फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या डॉ. हेन्री स्प्राय याने एडिंबरोच्या कपालशास्त्र मंडळाकडे धाडल्या. खुनी वृत्ती हाडात उमटते का हे तिथल्या विद्वानांना पाहायचे होते. रॉबर्ट कॉक्सने १८३४ मध्ये त्यांच्यावर लिहिले, आणि विध्वंसक वृत्तीचा फुगवटा अपेक्षेइतका काही त्या कवट्यांत सापडेना, तेव्हा त्याची जबाबदारी परंपरेवर आणि पंथावर टाकावी लागली. जिवंत कैद्यांच्या कपाळावर गोंदून ठेवायची चाल १८४९ पर्यंत होती. पळाला तर ओळखता यावा म्हणून. पुढे बंगालमध्येच बोटांच्या ठशांचे वर्गीकरण उभे राहिले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ते घडवले आणि नाव लागले पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीचे. १८९७ मध्ये कोलकात्यात ठसे कार्यालय सुरू झाले आणि १९०१ मध्ये हेन्रीने ती पद्धत स्कॉटलंड यार्डात नेली. लाखो माणसांतून नेमका एक वेगळा काढणारे असे साधन याआधी कुणाच्याच हाती नव्हते. हिंदुस्थानात तोवर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा येऊन बसला होता, आणि ठगांच्या खटल्यांतून घोटलेली ‘हा त्यांच्यातला’ ही भाषा त्याच्यात पुरती मुरली होती. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घ्यायची मुभा दिली. एकेकट्याला ओळखण्याचे यंत्र वाडीच्या वाडीला लागू झाले, गुन्हा घडण्याआधीच. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला. दंडसंहितेतले ३१० वे कलम त्याहून चिवट निघाले. जबरी चोरी किंवा मुले पळवणे यासाठी, खुनाचा आधार घेऊन, इतरांबरोबर सतत वावरणारा तो ठग, अशी त्याची व्याख्या. ३११ व्या कलमात त्याला जन्मठेप होती, आणि दोन्ही कलमे ३० जून २०२४ पर्यंत म्हैसूरच्या कोर्टातही लागू होती.